चाळलेला बर्फ

मुलांनो, उजव्या हाताचा तळवा पुढे करा बरं. अगदी सपाट. आता समजा, आकाशातून एक हिमकण येऊन त्यावर टेकला आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी खरा हिमकण पाहिला नसेल. गोळेवाल्याच्या किसणीखाली पडतो तो बर्फ तुम्हाला ठाऊक आहे, फ्रीजच्या खणात साचतो तोही तुम्ही नखाने खरवडला असेल. हा त्यांतला नव्हे. हा पिसासारखा हलका आहे. त्याला सहा हात आहेत आणि प्रत्येक हाताला बारीक बारीक बोटं फुटली आहेत. जपून बघा, श्वाससुद्धा हळू सोडा. झालं! विरघळला. तळव्यावर नुसता पाण्याचा ठिपका उरला.

आता असे कोट्यवधी कण एकावर एक पडले आहेत असं समजा. एकाच्या हातांत दुसऱ्याचे हात अडकलेले, आणि मधे हवाच हवा. घरी एका डब्यात चुरमुरे भरा आणि त्याच मापाच्या दुसऱ्या डब्यात तांदूळ भरा. पहिला डबा उचलताना हात वर उडतो, दुसरा उचलताना खांदा खाली येतो. ताजा बर्फ म्हणजे चुरमुरे. उन्हाने बसलेला, वाऱ्याने चेपलेला शिळा बर्फ म्हणजे तांदूळ. पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरउतारावरून घसरत येणाऱ्यांना, म्हणजे स्कीइंग करणाऱ्यांना, चुरमुरे हवे असतात. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढे अडायला होणार नाही.

ही गोष्ट अजून घडायची आहे. तुम्ही आईबाप व्हाल त्या सुमारास घडेल असं धरून चाला. गढवालच्या डोंगरात भोजधार नावाचं गाव आहे, आणि त्या गावात मोनाल शेडगे नावाची अकरा वर्षांची मुलगी राहते.

शेडगे आडनावाची माणसं इतक्या वर कशी, असं वाटलं ना? मोनालचे बाबा, तन्मय शेडगे, मूळचे पाटणचे. तरुणपणी स्कीइंग शिकायला भोजधारला आले, पहिल्याच आठवड्यात आपटले आणि गुडघा धरून एका घरात पडून राहिले. त्या घरची मुलगी दीक्षा त्यांना गरम दूध आणून द्यायची. गुडघा बरा झाला, पण बाबा काही पाटणला परतले नाहीत. पुढे दोघांनी मिळून आठ खोल्यांचा लॉज काढला. बाहेर ढोपरभर बर्फ आणि आत पानात पिठलं-भाकरी, असं दुसरीकडे कुठे मिळायचं? दिवाळी झाली की नाशिकहून, कोल्हापुरातून फोन सुरू व्हायचे. नाताळपासून जानेवारी सरेपर्यंत एक खोली रिकामी नसायची.

लॉजच्या मोठ्या खोलीत लोखंडी शेगडी होती. तिकडे तिला बुखारी म्हणतात. बुखारीच्या वर एक दोरी बांधलेली होती आणि त्या दोरीवर हातमोजे लटकत असत. सगळे डाव्या हाताचे. ही आईच्या माहेरची रीत. पूर्वी मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडे जाणारा माणूस डावा हातमोजा घरी ठेवून जायचा. उरलेल्या एकाचा काही उपयोग नाही, तेव्हा दुसऱ्यासाठी तरी त्याने परत यावं. तो माणूस वाटेतच वारला, तर बरोबरचे लोक त्याचा उजवा हातमोजा घरी पोचवत. मग जोडी पुरी झाली म्हणायची. ती जोडी दोरीवर ठेवायची नाही, घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने ती वापरायची. आईने ही रीत पाहुण्यांना लावली. प्रत्येक पाहुणा निघताना डावा हातमोजा ठेवून जायचा आणि पुढच्या हिवाळ्यात आल्याआल्या दोरीकडे धावायचा.

दोरीवरचा सगळ्यांत जुना हातमोजा होता नाना टिपणीसांचा. करड्या लोकरीचा, अंगठ्याजवळ रफू केलेला.

नाना बर्फाचे शास्त्रज्ञ. मोनालचा जन्म व्हायच्या आधीपासून दर हिवाळ्यात नाशिकहून येत. भोजधारच्या उतारावर त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. जमिनीत एक रुंद, सपाट, द्रव भरलेली पिशवी पुरलेली. तिला ते ‘उशी’ म्हणत. बर्फ पडला की उशी दबायची आणि वरच्या बर्फाचं वजन सांगायची. उशीच्या डोक्यावर खांबाला एक डबी टांगलेली. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडायची आणि तो बर्फावर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायची. त्यावरून बर्फाची उंची कळे. वटवाघूळ अंधारात असंच करतं, म्हणून नाना डबीला ‘वटवाघूळ’ म्हणत. उंची कळली, वजन कळलं, की डब्यात चुरमुरे आहेत की तांदूळ ते कळलंच. बर्फाचा कडा कधी कोसळेल, उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल, हे आधी समजावं म्हणून नानांनी ती उशी बसवली होती.

मोनाल चालायला लागली तशी त्यांच्या मागे मागे उतारावर जायची. नाना फावड्याने बर्फात खड्डा खणत. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर दिसत, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. भिंगातून एकेक थर बघायचा.

“काय दिसतंय, मोनाबाई?”

“मोठे मोठे कण.”

“मोठे म्हणजे? हत्तीएवढे?”

“नाही हो नाना! साखरेएवढे.”

“मग साखरेएवढे म्हण. आणि बघितलंस का खरंच, की मी हो म्हणेन म्हणून सांगतेस?”

मोनाल पुन्हा भिंगाला डोळा लावायची. “आधी बघ, मग बोल,” हे नानांचं पालुपद. बाबांनाही ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. भाकरी करपली आणि आई ओरडली की म्हणत, “आधी बघ, मग बोल! ही करपलेली नाही, खरपूस आहे.”

मोनाल आठ वर्षांची असताना ‘धवल पास’ आला.

त्याआधी प्रत्येक उताराचं तिकीट वेगळं असे. ज्याला भोजधारला यायचं तो महिनाभर आधी खोली घ्यायचा आणि बर्फ पडो न पडो, यायचा. बर्फ नसला तर पत्ते कुटायचे, गावातल्या लग्नात जेवायचं, आईकडून लोकर विणायला शिकायचं. धवल पासाने वर्षाचे एकदाच पैसे घेतले आणि जगभरचे कितीतरी उतार मोकळे केले. भोजधार त्यात होतं, तसेच जॉर्जिया, कझाकस्तान, जपान. छोट्या विजेच्या विमानांचा प्रवासही त्यातच. पण खरी जादू वेगळीच होती. धवलवाल्यांनी नानांच्या उशीसारख्या उशा सगळ्या उतारांवर बसवल्या, त्यांचे आकडे उपग्रहांच्या चित्रांशी जोडले आणि रोज संध्याकाळी प्रत्येक पासधारकाला निरोप जाऊ लागला : उद्या चुरमुरे कुठे आहेत. जगाची हवा तापत चालली होती, चांगला बर्फ दुर्मिळ झाला होता. कष्टाने जमवलेली सुट्टी गवत बघण्यात घालवायची कुणाला हौस? लोक निरोपाची वाट बघत आणि निरोप येईल तिथे उडत.

आता बघा काय झालं. नाताळची गर्दी संपली. दिवाळीनंतरचे फोन संपले. ताजा बर्फ पडला की एखाद्या मंगळवारी दुपारी अचानक सहाशे माणसं उतरत. बाबांची धावपळ उडे, पीठ पुरत नसे. गुरुवारी बर्फ बसला की सहाशेही गायब. मळलेली कणीक आई गाईला घाली. दोन रात्रींच्या पाहुण्याला हातमोजा ठेवून जा असं कोण सांगणार? तो कुठल्या देशात उठणार आहे हे त्यालाच माहीत नसे.

दोरीवरच्या डाव्या हातमोज्यांवर धूळ बसू लागली.

नानाही दोन हिवाळे आले नव्हते. ऐंशी पार केली होती, डोळे अधू झाले होते, एकट्याने प्रवास जमत नव्हता. त्यांची मुलगी केतकी त्यांना बरोबर नेई, आणि केतकीकडे धवल पास होता. एका वर्षी पासाने त्यांना जॉर्जियाला नेलं, दुसऱ्या वर्षी जपानला. नाना फोनवर म्हणाले, “जपानचा बर्फ उत्तम आहे गं. पण मला तिथे पिठलं कोण देणार, आणि शिव्या कोण देणार?”

“मी देते ना!” आई फोनवर ओरडली. तिचं मराठी पहाडी हेलाचं. “तुम्ही या तर खरं.”

बाबांनी फोन ओढून घेतला. “नाना, तुमचा उजवा हातमोजा शाबूत आहे ना? की नाशिकच्या उंदरांनी खाल्ला?”

“उशाशी घेऊन झोपतो बाबा.”

त्या वर्षीचा जानेवारी कोरडाच गेला. उतारावर पिवळं गवत, त्यावर बर्फाची फाटकी ठिगळं. एका संध्याकाळी मोनालने नानांना फोन लावला, तर केतकीने उचलला.

“मोनाल, नानांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, यंदा फार तर एकदा डोंगरावर न्या, पुढे नाही.”

“मग इथे आणा ना, केतकीमावशी.”

“अगं, तिथे बर्फ कुठाय? शेवटचंच जायचं तर त्यांना बर्फ तरी दिसू दे. पासाचा निरोप येईल तिथे नेते.”

मग नाना फोनवर आले. मोनालने फोन कानाशी घट्ट धरला. तिने विचारलं, “नाना, पासाने भोजधार म्हणायला काय व्हायला लागतं?”

नाना हसले. “तुझ्या उशीने ‘चुरमुरे’ म्हणायला लागतं. दुसरं काय?”

त्यांनी ते सहज म्हटलं. मोनालने मात्र ते मनात धरलं.

दोन दिवसांनी दाट ढग उतरले. समोरचं देवदाराचं झाड दिसेना. बाबा गॅसची टाकी आणायला खालच्या बाजारात गेले होते, आई गोठ्यात होती. ढग असले की उपग्रहाला जमीन दिसत नाही. मग पास फक्त उशीवर विश्वास ठेवतो, हे मोनालला नानांनीच सांगितलेलं. तिने पाठीवर वेताची टोपली घेतली, फावडं घेतलं आणि उताराच्या मागच्या घळीत गेली. तिथे ऊन कधीच पोचत नसे, म्हणून बर्फ शिल्लक होता. टोपलीमागून टोपली तिने तो उशीवर आणून टाकला.

पण एक अडचण होती. फावड्याने उचललेला बर्फ जड होतो. कणांचे हात मोडतात, ते एकमेकांत घट्ट बसतात. उशी लगेच ‘तांदूळ’ म्हणाली असती. मोनाल विचार करत उभी राहिली. पूर्वी एकदा आई भाकरीचं पीठ चाळत होती, तेव्हा नानांनी परातीत बोट बुडवून दाखवलं होतं : “हे बघ, दाबलेलं पीठ चाळलं की कसं फुलतं! मधे हवा शिरते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही बर्फसुद्धा असाच चाळतो.”

मोनाल घरी पळाली आणि पिठाची चाळणी घेऊन आली.

दुपार कलेपर्यंत ती बर्फ चाळत होती. हातमोजे भिजून चिंब झाले, बोटं निळी पडली. उशीवर मऊ, पांढरा, भुसभुशीत ढीग उभा राहिला. आजूबाजूला गवत होतं, पण वटवाघळाला फक्त खालचं दिसतं. ती एकच गोष्ट मनाशी म्हणत होती : नाना येतील, हातमोजा घेतील, भिंगातून बघतील. निरोप नानांना जाईल तसाच तो आणखी कितीकांना जाईल, हे त्या पोरीच्या डोक्यात आलंच नाही. लहान माणूस एका वेळी एकाचीच वाट बघू शकतं.

संध्याकाळी निरोप गेला : उद्या भोजधार.

सकाळपासून ढगांतून विमानांची घरघर सुरू झाली. खालच्या धावपट्टीवरून बसगाड्या वर येऊ लागल्या. गावात आनंदीआनंद! गावाचे प्रधान, म्हणजे आपले सरपंच, बलवंतकाका बिष्ट बाबांना म्हणाले, “शेडगेजी, देवी पावली! रात्रीत वर पडला म्हणतात. ढगात आपल्याला कुठे दिसणार?” आईने मोठं पातेलं चढवलं. बाबांनी खोल्या झाडल्या, बुखारी पेटवली, जुना रेडिओ लावला. कितीतरी दिवसांनी ते शीळ घालत होते. मोनाल दाराआड उभी राहून ती शीळ ऐकत होती.

दुपारी ढग वर गेले.

लोक पायाला पट्ट्या बांधून उताराच्या तोंडाशी उभे होते. समोर गवत होतं. मग मागून एक लहान मुलगा म्हणाला, “पप्पा, बर्फ कुठाय?” आणि एकदम गिल्ला झाला. माणसं चिडली, ओरडली. एका बाईला रडू आलं. तिने वर्षातली एकुलती सुट्टी टाकली होती. बलवंतकाका हात जोडून इकडून तिकडे फिरत होते.

शेवटच्या बसमधून केतकी उतरली, आणि तिच्या खांद्याचा आधार घेत नाना. किती लहान झाले होते ते! मोनालला वाटलं, कोटच चालत येतोय. पण त्यांच्या उजव्या हातात करडा हातमोजा होता. मोनाल धावली नाही. जागच्या जागी उभी राहिली. नानांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या निळसर सुजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “केतकी, मला जरा उशीकडे ने.”

धवल पासाच्या अधिकारी मृदुला रावत तिथे आधीच पोचल्या होत्या. त्या घामाघूम झाल्या होत्या. म्हणाल्या, “टिपणीस सर, तुम्ही आलात ते बरं झालं. हे काय आहे? कुणी मुद्दाम केलं असेल तर नियमाप्रमाणे गाव पाच वर्षं पासातून बाहेर जाईल. यंत्र बिघडलं असेल तर गावाचा दोष नाही, आम्ही यंत्र बदलू.”

बलवंतकाका, बाबा, आई, सगळे नानांकडे बघत होते. बाबांच्या हातात वाढायचा डाव तसाच होता. उशीवरचा ढीग एव्हाना वाऱ्याने विस्कटून बुजगावण्यासारखा झाला होता, आणि सभोवार वाऱ्याने वाहून आणल्यासारखी पांढरी भुकटी पसरली होती. नाना वाकले. त्यांनी चिमूटभर बर्फ तळव्यावर घेतला, खिशातून भिंग काढलं. कणांना हात नव्हते. नुसते मोडके तुकडे, आणि त्यांत एक कण पिवळसर. ज्वारीच्या पिठाचा.

नानांनी तळवा पुसला.

“यंत्र जुनं झालं आहे,” ते म्हणाले. “माझंच आहे. चुकलं असेल.”

बाबांनी श्वास सोडला. बलवंतकाकांनी देवीच्या देवळाकडे बघून हात जोडले. मृदुलाबाई म्हणाल्या, “मग प्रश्नच मिटला, सर.”

नाना बुटांकडे बघत होते. त्या म्हाताऱ्या माणसाची खाली गेलेली नजर मोनालला सोसवेना. खड्ड्याशी बसून तिच्याकडून शंभरदा खरं बोलवून घेणारा माणूस, आज पहिल्यांदा बघूनही वेगळं बोलत होता. तिच्यापायी.

“नाना, तुम्ही बघितलंत ना?” ती म्हणाली. “मग असं का सांगताय? यंत्र चुकलं नाही. मी चाळला बर्फ. आमच्या चाळणीने.”

कुणीतरी मागे “हाय रे!” म्हणालं. बाबांच्या हातातला डाव खाली पडला. त्यांनी मोनालला मारलं नाही की ते रागावलेही नाहीत. पुढे येऊन त्यांनी तिची सुजलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि एवढंच म्हणाले, “मला विचारायचंस तरी, पोरी.”

दिवेलागणीपर्यंत सगळ्या बसगाड्या उतरून गेल्या. केतकीने निघायची घाई केली, पण नाना म्हणाले, “आजची रात्र मी इथेच राहणार. जपानला नाही मेलो, इथेही मरणार नाही.” आईने पिठलं केलं. पाहुण्यांसाठी केलेलं जेवण पातेल्यात तसंच होतं, पण घरात कुणाला भूक नव्हती. नाना मात्र दोन घास जेवले. मग बुखारीशी मोनालला जवळ घेऊन बसले.

“चाळायची अक्कल चांगली लढवलीस हो.”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतं खरं.” ते खोकले, हसले, परत खोकले. मग त्यांनी विस्तवात एक लाकूड सरकवलं. “मोनाबाई, मी तुला एक सांगतो. काल संध्याकाळी आकडा आला तेव्हाच मला कळलं होतं. इतक्या उबदार हवेत इतका हलका बर्फ पडत नाही. मी एक फोन केला असता तर कुणीच आलं नसतं.”

मोनालने मान वर केली. “मग केला का नाहीत?”

“कारण मला यायचं होतं.”

बुखारीत लाकूड तडतडलं. मोनालने त्यांच्या बाहीत तोंड खुपसलं आणि मग ती रडली, सकाळपासून कोंडलेलं सगळं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी नानांनी मृदुलाबाईंना फोन करून आपल्याला आधीच कळलं होतं तेही सांगितलं. फोन संपल्यावर ते बाबांना म्हणाले, “नियम तो नियम, म्हणतात.” आईने दोरीवरून डावा हातमोजा काढून झटकला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घातला, उजव्यावर टाळीसारखा आपटला आणि जोडी क्षणभर बघितली. मग डावा काढून परत आईच्या हातात दिला.

“टांगा,” म्हणाले. “रीत मोडू नका.”

भोजधार पासातून गेलं. वसंतात धवलवाल्यांची माणसं आली, माणसांना उतारावर चढवणाऱ्या लिफ्टच्या तारा उतरवून घेऊन गेली. उशीही उपटून नेली. उतारावर चौकोनी खड्डा राहिला. गावातल्या काहींनी लॉजच्या पायवाटेने येणंच सोडलं. शाळेत मोनालच्या बाकावर कुणी बसेना. बलवंतकाका तेवढे एकदा येऊन आईला म्हणाले, “पोरीने खोटं केलं ते वाईट. खरं बोलली तेही आम्हाला महागच पडलं. पण तिला बोलू नका काही.” त्यांचा स्वतःचा मुलगा सामान बांधून डेहराडूनला निघून गेला होता.

बाबांनी धवल पासाच्या फिरत्या पथकात नोकरी धरली. बर्फ जाईल तिथे ते पथक जातं. स्वयंपाकी, लिफ्टवाले, मलमपट्टीवाले. निघताना त्यांनी आपला डावा हातमोजा दोरीवर अडकवला. आजवर कधी तशी पाळी आली नव्हती. कुठल्या कुठल्या देशांतून त्यांचे फोन येत.

“आज कुठे आहात, बाबा?”

“थांब, खिडकीतून बघून सांगतो,” ते म्हणत. हा विनोद पहिल्यांदा छान वाटला होता.

दिवाळीच्या आधी केतकीचं पार्सल आलं. आईने ते उघडलं आणि मोनालपुढे ठेवलं. आत पितळी मुठीचं भिंग होतं. त्याच्याखाली घडी करून, उशाशी ठेवून ठेवून चपटा झालेला, उजव्या हाताचा करडा हातमोजा.

आई दोरीकडे गेली. डावा काढला, उजव्यावर ठेवला. पहाडी बोलीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, “जोडी पुरी झाली, मोनू. आता हे तुझे.”

मोनालने त्यांना हात लावला नाही. ते कितीतरी दिवस फळीवर पडून होते.

मग डिसेंबरात एका सकाळी ती उठली तर घरात वेगळाच उजेड होता. खिडकीबाहेर पांढरं. रात्रभर वारा नव्हता, आवाज नव्हता, आणि इतका बर्फ पडला होता की कुंपणाचे खांब टोप्या घालून उभे होते. इतका सुरेख बर्फ भोजधारला गेल्या कित्येक वर्षांत पडला नव्हता. सबंध उतारावर एक पाऊल नाही. आकाशात एक विमान नाही. भोजधारला बर्फ पडलाय हे जगाला कळवायला आता कुठलंच यंत्र नव्हतं.

“जाते मी,” मोनाल म्हणाली.

आई चुलीशी होती. तिने कुठे म्हणून विचारलं नाही. “टोपी घाल,” म्हणाली.

मोनालने फळीवरचे करडे हातमोजे घेतले. दोन्ही घातले. तिला ते भलतेच मोठे होत होते, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि गुडघाभर बर्फातून चढत चढत ती उशीच्या जागी आली. तिथे खांब नव्हता, वटवाघूळ नव्हतं. तिने अंदाजाने जागा धरली आणि खणायला लागली. खड्डा कमरेइतका झाला. आडव्या फावड्याने तिने एक भिंत सरळ तासली, तशी तासायला तिला शिकवलं होतं. मग एका हातातला मोजा दातांनी ओढून काढला, भिंग बाहेर घेतलं आणि गुडघ्यांवर बसली.

वरच्या थरातला एक कण भिंगाखाली आला. सहा हात. प्रत्येक हाताला बारीक बारीक बोटं. ती किती तरी वेळ नुसती बघत राहिली. श्वाससुद्धा तिने हळू सोडला.

मग त्या रिकाम्या उतारावर, जे दिसलं होतं तेवढंच, ती मोठ्याने बोलली.